माझ्या हातचं तोंड

मालूला जासई गावचा आनंदाच हवा होता. "मावशी, तो नाय म्हणाला तर मी जेवायचीच नाय," असं भाचीनं मला बजावलं होतं. सत्तावन्न सालची गोष्ट. त्याची आई गोदूबाई त्याला घेऊन मुलगी बघायला येणार असं कळलं, तशी मी सकाळीच पनवेलला बहिणीच्या घरी हजर. गिरगावात पारशीणबाईकडे तिची वेणीफणी, पावडर-लाली करत दहा वर्षं काढलीत मी. तोंड रंगवणं मला कुणी शिकवायला नको.

नुसत्या स्नो क्रीमनं पोरगी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायला लागली. पुसलं. मग स्नोत गुलाबी पावडर, चिमूटभर गेरूसारखी तांबडी काव, नखभर हळद. रंग हातावर नाही, गळ्यावर लावून बघायचा, तोही दारातल्या उजेडात. चार वेळा बिघडला, पाचव्यांदा जमला. तिच्यापेक्षा थोडासा उजळ, बस्स! ओल्या बोटांनी पसरवला, कानामागे, मानेवर, हातांवर, तळहातांवरसुद्धा. दोन तास गेले. पण लावलंय म्हणून सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं.

तिथंच घात झाला. गोदूबाईनं मालूला नीट न्याहाळलं आणि चहाची कपबशी खाली ठेवली.

"पोर गोड हाय गो, पण सावलीत वाढलेली. आमचं मिठागर हाय. तिथं दोन दिवस टिकायची नाय."

आनंदा मान खाली घालून बसला. मालू रडकुंडीला आली.

"चार वर्सं मीठ वाहते मी!"

"या तोंडानं?"

"अहो, ते तोंड तिचं नाही, माझं आहे!" मी ओरडले. "मी केलंय ते!"

गोदूबाई हसली. "पोर खपवायला काय काय सांगता गो!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारागिरी माझी, आणि ही बाई मलाच खोटं पाडते! मालूचा दंड धरला, मोरीवर नेलं आणि सगळ्यांच्या देखत तिचं तोंड साबणानं खसाखसा धुतलं. हातही धुतले. खरी मालू वर आली, उन्हानं रापलेली, मिठानं तळहात चिरलेली.

गोदूबाईनं ते हात आपल्या हातात घेतले. "हीच माझी सून," म्हणाली. आता कुठं आनंदा मान वर करून बसला.

माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. बहीण पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको गो, जासई काय लांब हाय?"

जासई गेली खड्ड्यात! माझे दोन तास मोरीतून वाहून चालले होते, आणि तसला रंग मला पुन्हा जन्मात जमणार नव्हता.