उसवलेली बाही

आतड्याच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी बाबा नर्सला म्हणाले, “आभारी आहे हं, सिस्टर.” नर्स खूश झाली. मी मात्र चमकून बाबांकडे पाहिलं. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेल्या या माणसाने जन्मात कुणाचे आभार मानले नव्हते. वाकडी शिलाई दिसली की ते परक्यालाही झापायचे.

मी माझी उसवलेली बाही त्यांच्यापुढे धरली.

“छान आहे,” ते हसून म्हणाले.

मी धावत जाऊन सर्जनना गाठलं.

“ताप नाही. दुखत नाही म्हणतात,” ते फाइल चाळत म्हणाले.

“अहो, त्यांना उसवलेली बाही छान वाटतेय! आत्ताच्या आत्ता चला!” मी ओरडलेच.

त्यांनी येऊन बाबांचं पोट दाबलं आणि सर्जनचाच चेहरा उतरला. “कडक झालंय. आतड्याचा शिवलेला जोड सुटला असणार. या वयात ताप येतोच असं नाही, कधीकधी आधी डोकंच भरकटतं.”

तासाभरात बाबांना पुन्हा ऑपरेशनला नेलं.

तीन दिवसांनी ते नीट शुद्धीवर आले आणि सर्जनच्या कोटाकडे बघत राहिले.

“हे बटण कुणी लावलं?”

“मीच,” सर्जन म्हणाले.

बाबा माझ्यावर कडाडले, “आणि याच्याकडून तू माझं पोट शिवून घेतलंस? तेही दोनदा?”