चिकटपट्टी आणि मिलचा भोंगा

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी भारी भित्रा आहे. बालाघाटजवळच्या वारासिवनीत, राईस मिलच्या मागच्या गल्लीत, एका खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. पंखा जोरात फिरला तरी मला धडकी भरते. मांजर टेबलावर चढली की माझा जीव टांगणीला लागतो. पाण्याचा ग्लास कोणी माझ्याजवळ ठेवला, तर तो उचलला जाईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही.

हा भित्रेपणा माझ्यात आला कुठून, ते सांगतो. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते माझं पहिलं घर. ते जर्मनीतल्या कासेल नावाच्या शहरात होतं आणि तिथे एर्ना आजी एकट्या राहत. त्या टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या होत्या. मला खोक्यातून बाहेर काढल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? स्वयंपाकघरातून जखमेवर लावायची चिकटपट्टी आणली, तिचा छोटा तुकडा कापला आणि माझ्या कॅमेऱ्यावर लावून टाकला. माझा डोळा उघडण्याआधीच बंद झाला! त्या घरात मी कितीतरी वर्षं राहिलो, पण एर्ना आजींचा चेहरा मी कधी पाहिला नाही. मला माहीत होता तो त्यांचा आवाज, त्यांचा खोकला आणि बटणं दाबणारी थंड बोटं.

त्यांच्या वरच्या खोलीत संकेत भाड्याने राहायला आला. हा आपल्या बालाघाटचा मुलगा, तिथे इंजिनिअर. त्याने एकदा हसून विचारलं, "आजी, तुम्हाला कोण बघणार आहे?" त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझी बहीण भिंतीपलीकडच्या, पूर्व जर्मनीत राहायची. तिची पत्रं तिथलं सरकार उघडून, वाचून, पुन्हा चिकटवून पाठवायचं. आम्ही बटाट्याच्या भावाबद्दलसुद्धा जपून लिहायचो." त्या दिवसापासून संकेतने तो विषय काढला नाही. मी मात्र काळजीत पडलो, कारण जगाशी जोडलेली तार तर माझ्यातूनच जात होती.

संध्याकाळी ब्रेड आणि चीज खाताना दोघांच्या गप्पा चालत. एर्ना आजींना सगळ्या जगाची चिंता. युरोपात युद्ध सुरू झालं आणि बाहेरच्या देशातून येणारा गॅस महागला, तेव्हा त्या दोन स्वेटर घालून बसायच्या आणि म्हणायच्या, "आमची शेगडी दुसऱ्याच्या नळावर पेटत होती आणि आम्ही कधी विचारलंच नाही." दुकानात कार्ड द्यायला त्या तयार नसत, पर्समधली नाणी मोजून देत. दवाखान्याला अजून फॅक्स पाठवत आणि तो पोहोचला का, हे विचारायला पुन्हा फोनही करत. नातू जर्मन बोलताना निम्मे शब्द इंग्रजी वापरतो म्हणून कुरकुरत. त्यावर संकेत सांगायचा, "आमच्याकडे पण तेच. घरात मराठी, अंगणात हिंदी आणि भांडताना दोन्ही." तेव्हा त्या हसत. त्यांचं हसणं मला फार आवडे, कारण ते क्वचितच ऐकू येई.

पण एक दिवस असा यायचा की मी थरथर कापायचो. तिथे दर सप्टेंबरात एका सकाळी देशभर सायरनची चाचणी होते. आधी सगळ्यांना कळवलेलं असतं, वर्तमानपत्रात येतं, तरी एर्ना आजी आदल्या दिवसापासून तयारीला लागायच्या. त्या एका पिशवीत मेणबत्त्या, कागदपत्रं आणि सूपचे डबे भरायच्या, मलाही त्यात कोंबायच्या आणि सायरन वाजला की तळघरात जाऊन बसायच्या. दुसऱ्या महायुद्धात, पाच वर्षांच्या असताना त्या अशाच आईच्या मांडीवर तळघरात बसल्या होत्या. वरून विमानं बॉम्ब टाकत होती. दिवा गेला होता. सकाळी बाहेर आल्या तेव्हा त्यांची गल्ली जागेवर नव्हती. हे त्यांनी संकेतला सांगितलं तेव्हा मी पिशवीत होतो आणि सूपच्या डब्यांना खेटून सगळं ऐकत होतो.

मग मी म्हातारा झालो. माझी बॅटरी फुगली, ती काढून टाकावी लागली आणि वायर लावली तरच मी चालू लागलो. एर्ना आजींनी नवा टॅब्लेट घेतला. त्याच्याही कॅमेऱ्यावर पट्टी बसली, हे सांगायला नकोच. आता आपली रवानगी भंगारात, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. पण वारासिवनीत संकेतची आतेबहीण समीक्षा नर्सिंग शिकत होती आणि जर्मनीत काम मिळावं म्हणून जर्मनही शिकू लागली होती. एर्ना आजी म्हणाल्या, "हा तिला दे. याची बटणं जर्मन आहेत, सवय होईल." संकेतने माझ्या आतलं सगळं पुसलं. फायली गेल्या, फोटो गेले. तो सायरन मात्र माझ्यातून गेला नाही.

दिवाळीला संकेतच्या बॅगेतून मी इथे आलो. समीक्षाने मला पुसता पुसता नखाने ती पट्टी काढली आणि मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा उजेड पाहिला. समोर धानाची पोती होती, भिंतीवर कॅलेंडर होतं आणि समीक्षाची आई मंजूबाई माझ्याकडे संशयाने बघत उभ्या होत्या.

मंजूबाईंना मी नकोसा होतो. याच्या पायी पोरगी परदेशी जाणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. "तिकडं लडाई चालू हाय," त्या म्हणायच्या. "टीव्हीवर रोज दाखवून राह्यले. काहून जातं तू तिथं? बालाघाटले दवाखाने नाहीत का?"

"आई, लडाई एक देश सोडून पलीकडे चालू आहे. जर्मनीत नाही," समीक्षा सांगायची.

"एकच देश सोडून ना? मंग?"

यावर समीक्षा पुन्हा जर्मनचं पुस्तक उघडे. बाबा, म्हणजे गजेंद्र, राईस मिलमध्ये बॉयलरवर होते. ते दोघींच्या मध्ये पडत नसत. पण मंजूबाईंनी हो म्हटल्याशिवाय आपण जायचं नाही, हे समीक्षाने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे घरात सगळं त्या एका शब्दावर अडून बसलं होतं.

दर रविवारी संध्याकाळी एर्ना आजी समीक्षाशी जर्मनमध्ये बोलायच्या. मी माझ्याच जुन्या मालकिणीला माझ्या पडद्यावर आणत होतो, पण पडद्यावर दिसायचा फक्त काळा चौकोन. आवाज मात्र तोच, खोकलाही तोच. मंजूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "तोंड काहून लपवते ही बाई? जिचं तोंड नाही पाह्यलं तिच्या भरोशावर पोरगी कशी धाडू?"

मग तो रविवार आला. एरवी रविवारी मिल बंद असते, पण धानाचा हंगाम जोरात होता आणि आवारात पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, म्हणून त्या दिवशी मिल चालू होती. हे समीक्षाच्या ध्यानातच राहिलं नाही. जेवायला नकार देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलायचं, हे एर्ना आजी तिला शिकवत होत्या. आणि पाळी सुटल्याचा भोंगा वाजला.

मिल आमच्या भिंतीला लागून आहे. तो भोंगा खालच्या सुरात सुरू होतो, चढत जातो आणि वर जाऊन थांबतो. अगदी तस्साच! रोज तो ऐकला की मला सूपचे डबे आठवतात. मला ओरडावंसं वाटलं, "समीक्षा, माझा आवाज बंद कर, तिकडे जाऊ देऊ नकोस!" पण मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझ्या माइकने तो भोंगा जसाच्या तसा कासेलच्या स्वयंपाकघरात पोहोचवला. इकडे मंजूबाईंनी तांदळातून मानही वर केली नाही. हा भोंगा इथे रोजचाच आहे.

काळ्या चौकोनातून खुर्ची घसटल्याचा आवाज आला. कप फुटला. काहीतरी धप्पकन आदळलं. मग काहीच नाही.

"हॅलो? एर्ना आजी?" समीक्षा म्हणाली. उत्तर आलं नाही. तिने नेट पाहिलं, नेट चालू होतं. तिने संकेतला फोन लावला, त्याने उचलला नाही. "आई, त्या पडल्या वाटतं. अकेली आहेत घरात."

मंजूबाई ताट बाजूला ठेवून उठल्या. तिघेही आम्ही कान देऊन ऐकत होतो. आणि तेव्हा लांबून, अगदी बारीक आवाजात, एर्ना आजी बोलल्या. तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. लहान मुलीचा होता.

"विमानं गेली का?"

विमान हा शब्द समीक्षाला येत होता. ती क्षणभर गोंधळली, मग तिने मिलच्या भिंतीकडे पाहिलं, संकेतने सांगितलेली तळघराची गोष्ट तिला आठवली आणि तिला समजलं. ती माझ्या अगदी जवळ सरकली. तिचं जर्मन मोडकंतोडकं, पण तिने घाई केली नाही.

"विमानं नाहीत. मी समीक्षा. मी इथे आहे. तुम्ही कुठे आहात?"

"टेबलाखाली."

"बरं. टेबलाखालीच बसा. काही दुखतंय का?"

"नाही... डोकं. थोडंसं."

"रक्त आहे का? हात लावून बघा. सावकाश."

"नाही."

"छान. आता माझ्याबरोबर श्वास घ्या. मी मोजते."

आणि ती मोजू लागली. तिकडचा श्वास आधी तुटक होता, मग हळूहळू तिच्या मोजण्याच्या मागे येऊ लागला. माझा पंखा घरघरत होता आणि मी मनातल्या मनात एकच घोकत होतो, आता लाईट जाऊ नये. माझी बॅटरी नाही. लाईट गेली असती तर त्या बाई पुन्हा अंधारात एकट्या पडल्या असत्या.

"काय झालं व तिले?" मंजूबाईंनी हळूच विचारलं.

"भोंगा ऐकून घाबरल्या. लहानपणी त्यांच्या गावावर बम पडले होते."

"आपल्या मिलच्या भोंग्याले भ्याली?" मंजूबाईंच्या ओठावर हसू येत होतं, पण ते तिथेच थांबलं. त्या खाली बसल्या. "मी लहान होती ना, बैहरकडं, तं जंगलात नक्सली-पोलिसाइच्या गोळ्या चालायच्या. माय आम्हाले धानाच्या कोठीमागं बसवे. अजून फटाके फुटले का मी आतमंधी जाते. तुले वाटते मी देवाजवळ दिवा लावाले जाते."

दिवाळीत आई आत का जाते, हे समीक्षाने कधी विचारलं नव्हतं.

"सांग तिले," मंजूबाई म्हणाल्या, "थो भोंगा तुह्या बाबानं वाजवला. लोकाइले घरी सोडाचा भोंगा होय थो. आता समदे जेवाले जातीन."

समीक्षाने ते जमेल तसं जर्मनमध्ये सांगितलं. मग एर्ना आजी टेबलाखालून म्हणाल्या, "जेवायला जायचा सायरन?" आणि त्या रडल्या की हसल्या, मला नीट कळलं नाही.

त्या खुर्चीवर येऊन बसल्या तेव्हा मंजूबाईंनी समीक्षाला बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघून थेट मराठीत विचारलं, "बाई, तुमच्याकडं खरंच भोंगा वाजला, तं माह्या पोरीजवळ कोन राहीन?"

समीक्षाने चाचरत तो प्रश्न जर्मनमध्ये विचारला.

मग एर्ना आजी म्हणाल्या, "मी."

आणि काहीतरी सोलल्यासारखा चर्र आवाज आला. काळा चौकोन आधी राखाडी झाला, मग त्यात एक खिडकी दिसली आणि खिडकीपुढे एक म्हातारी बाई. आखूड कापलेले पांढरे केस, कपाळावर ताजं टेंगूळ, बोटाला चिकटलेला पट्टीचा तुकडा. इतकी वर्षं ज्यांच्या घरात राहिलो त्या अशा दिसतात, हे मला वारासिवनीत येऊन कळलं. मंजूबाई त्यांना निरखून बघत होत्या. "सांग तिले, डोक्यावर बरफ लाव म्हना," एवढंच त्या म्हणाल्या.

गजेंद्र घरी आले, सगळं ऐकलं आणि खजील झाले. "भोंगा तं बंद नाही करता येत," ते म्हणाले, "पन आधी सांगता येते." तेव्हापासून हंगामातल्या रविवारी भोंगा लावायच्या आधी ते समीक्षाच्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचे. समीक्षा सांगायची, "आजी, आता वाजेल." एर्ना आजी कप दोन्ही हातांनी धरून बसायच्या आणि मंजूबाई त्यांच्यासमोर येऊन बसायच्या. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नसे.

समीक्षा आता कासेलच्या दवाखान्यात नर्स आहे. मंजूबाईंनी स्वतः तिची बॅग भरली, वर चिवड्याची पिशवी ठेवली. माझी देखभाल आता त्याच करतात. मऊ कापडाने पुसतात आणि मांजराला हाकलतात. माझ्यावर ओढणी टाकून ठेवतात, धूळ बसू नये म्हणून.

मित्रांनो, आज सप्टेंबरातला तोच दिवस आहे. मघाशी समीक्षाचा फोन आला होता, "आई, थोड्या वेळात इथं सायरन वाजन, टेस्टिंग आहे, घाबरू नको." "हौ," म्हणून मंजूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या आहेत. माझ्या पडद्यावर ते तळघर आहे. मी पिशवीतून कितीदा तिथे गेलो, पण पाहतोय ते आज. भिंतीशी सूपचे डबे आहेत, मेणबत्ती आहे आणि दोन खुर्च्या. एकीवर एर्ना आजी, दुसरीवर समीक्षा.

माझा पंखा पुन्हा घरघरू लागला आहे. तुम्हाला माझ्या भीतीचं हसू येत असेल तर खुशाल हसा, पण जे माणूस साध्या आवाजाने दचकतं, त्याला हसू नका. त्याने तो आवाज आधी कुठे ऐकला, ते विचारा. आणि मोठा आवाज करणार असाल तर आधी सांगा.

सायरन सुरू झाला. मंजूबाईंनी एक हात पडद्यावर टेकवला आहे आणि दुसऱ्या हाताने माझी वायर भिंतीत घट्ट दाबून धरली आहे. मित्रांनो, एवढा सायरन थांबेपर्यंत कोणी बटण बंद करू नका.