चौदा दिवसांची धूळ

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर नसरीन सांगेलच, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

ग्लासगोतल्या आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं आणि एक जिना. जिना पुसायची प्रत्येकाची पाळी ठरलेली. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला पाटी लटकवायची. पाटी लटकत असताना जिना पुसला नाही, तर त्या बाईचं नाव अख्ख्या गल्लीच्या तोंडी येतं. गल्लीच्या टोकाला शहराचा कचरा जाळायची भट्टी आहे. नदीपलीकडच्या बंगल्यांतला कचरासुद्धा इथेच येतो. धूर मात्र आमच्याकडेच राहतो. आणि आता तिथेच दुसरी भट्टी बांधायची टूम निघाली होती.

तळमजल्यावरच्या नसरीनने त्याविरुद्ध वर्षभर रान उठवलं. तिच्या लेकीला, हिनाला, नवव्या वर्षीच दम्याचा पंप लागतो. पत्रांवर पत्रं धाडली, तेव्हा कुठे पालिकेने लॉकहार्ट नावाच्या तपासनिसाला पाठवायचं ठरवलं. खिडक्यांच्या कट्ट्यांवरची धूळ तो तपासायला नेणार होता. धूळ भट्टीची निघाली, तर दुसऱ्या भट्टीला परवानगी नाही.

आता साहेब घरी येणार म्हटल्यावर माणूस काय करतं? आदल्या दिवशी मी सगळ्या बायकांना कामाला जुंपलं. जिना घासला, काचा पुसल्या, कट्टे साबणाने धुतले. नसरीन कामावर गेली होती, म्हणून तिचाही कट्टा मीच बाहेरून धुऊन टाकला, शेजारधर्म म्हणून.

लॉकहार्टने आठही कट्ट्यांवरून पांढरा कागद फिरवला. कागद कोराच राहिला.

"माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे इथे," तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा विचारला.

नसरीनने कपाळावर हात मारला. "नेट्टा, पुरावा धुतलास गं तू."

"पाहुणा यायचा होता," मी म्हणाले.

"पाहुणा धूळ बघायला यायचा होता."

लॉकहार्ट भला माणूस. "चौदा दिवसांनी पुन्हा येतो," तो म्हणाला. "तोवर कट्ट्यांना बोटसुद्धा लावू नका. लावलंत तर नमुना बाद, आणि मग भट्टीची परवानगी मी थांबवू शकणार नाही."

चौदा दिवस. मी त्यापेक्षा उपास केला असता. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर राखाडी साय धरली, पाचव्या दिवशी माझे हात शिवशिवायला लागले. नसरीनने माझी सगळी फडकी जप्त केली होती, तरी रोज संध्याकाळी येऊन तपासणी करायची.

"हात दाखव."

"मी काय चोर आहे का गं?"

"चोर परवडला. तो धूळ तरी मागे ठेवतो."

अकराव्या दिवशी माझी नणंद मोइरा न कळवता आली. ती नदीपलीकडे राहते. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना ती म्हणाली होती, "त्या वस्तीतली मुलगी? तिथली माणसं घाणेरडी असतात." ते मी दाराआडून ऐकलं होतं. पुढची तीस वर्षं मी तिच्यासाठीच घर पुसत आले, हे आज कबूल करते.

मोइराने कट्टा पाहिला, मग मला पाहिलं. "बरं नाही का गं तुला?" असं म्हणत तिने पर्समधून रुमाल काढला. "थांब, मी पुसते. कुणी बघायच्या आत."

मी तिचं मनगट धरलं. "हात लावायचा नाही, मोइरा."

"अगं, लाज नाही वाटत तुला?"

"वाटते. मेल्याहून मेल्यासारखं होतंय. पण खालच्या पोरीला श्वास घ्यायचाय." मग मी तिला सगळं सांगितलं.

"अकरा दिवसांत एवढी धूळ?"

"हो. आणि यात तुमच्या घरचा कचराही आहे. नीट बघ, ओळखीचं काही दिसतंय का."

तिला हसू आवरेना. तिने रुमाल पर्समध्ये परत टाकला आणि खिडकीकडे पाठ करून चहा घेतला. जाताना म्हणाली, "आमच्याकडे तर महिनाभर पुसलं नाही तरी चालतं." म्हणता म्हणता तिची नजर पुन्हा कट्ट्याकडे गेली.

चौदाव्या दिवशी लॉकहार्ट आला. या वेळी माझ्या पहिल्याच कट्ट्यावर कागद काळाकुट्ट झाला. त्याने तो पिशवीत घातला आणि फॉर्म भरायला घेतला. जिन्यात सगळ्या बायका उभ्या होत्या.

"कुणाच्या खिडकीतली धूळ?" त्याने विचारलं.

"खिडकी माझी लिहा," मी म्हणाले. "नेट्टा गिलहूली, दुसरा मजला, डावीकडे. धूळ भट्टीवाल्यांची लिहा."

"फॉर्मवर तसा रकाना नाही, बाई."

"मग आखा."

त्याने पेनाने रकाना आखला आणि लिहिलं. नसरीनने माझा खांदा घट्ट धरला होता.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. धूळ भट्टीचीच होती. दुसरी भट्टी रद्द झाली आणि पहिलीला धूर गाळायची नवी गाळणी बसवायचा हुकूम निघाला. नसरीनने जिन्यात उभं राहून पत्र दोनदा मोठ्याने वाचलं, आणि आम्ही दोघी तिथेच रडलो.

माझी आई याच घरात राहायची. रोज गुडघे टेकून तोच कट्टा घासायची, आणि आपल्यालाच नीट घासता येत नाही असं तिला मरेपर्यंत वाटत राहिलं. ते पत्र ऐकायला ती हवी होती.