लॉग चालू असेपर्यंत

खरं तर अशी बातमी एकेकीला वेगळं बोलावून सांगतात. पण वरदने ती दोघींना एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसवून सांगितली. वरद लंडनच्या हॅरोत जन्मलेला. ऑफिसातल्या मराठी माणसांशी घरच्यासारखं वागायची त्याला भारी हौस.

"मला खूप वाईट वाटतो," तो म्हणाला. "पण टीममध्ये आता एकच पोस्ट राहणार. तुम्ही दोघी मैत्रिणी आहे, म्हणून मी ओपनली सांगतो. हा रिलीज होऊ दे, मग मी ठरवणार."

आणि त्याने बिस्किटांचा डबा दोघींपुढे सरकवला. नीनाने एक घेतलं. मंजिरीने घेतलं नाही. 

रवीची, म्हणजे मंजिरीच्या नवऱ्याची, नोकरी हिवाळ्यातच गेली होती. तेव्हापासून तो तिच्या व्हिसावर होता, दहा महिन्यांची अन्वीही तिच्याच व्हिसावर, आणि तिचा व्हिसा या कंपनीवर. ही नोकरी गेली की स्टॅनमोरचा फ्लॅट, अन्वीची नर्सरी, सगळं गुंडाळून पुण्याला, सासूबाईंच्या हॉलमध्ये. नीनाचंही फार वेगळं नव्हतं. ती नागपूरची, घटस्फोट झालेली, मायरा नावाच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन वेम्बलीत एका खोलीत राहणारी. व्हिसा तिचाही इथूनच.

खोलीबाहेर आल्यावर नीना हसून म्हणाली, "माय वं, याने तर आपल्याला कोंबड्यांसारखं झुंजवायला सोडलं. तू टेन्शन घेऊ नको. जिचं व्हायचं तिचं होईल."

"हो ना," मंजिरी म्हणाली. नीनाला असं हसता येतं याचाच तिला राग आला.

त्यांची कंपनी नर्सऱ्यांसाठी वेबसाइट चालवायची. मूल किती वेळ झोपलं, काय जेवलं, त्याला कशाची ॲलर्जी आहे, त्याला घरी कोण नेऊ शकतं, असं सगळं आईबापांना फोनवर दिसायचं. दुपारच्या झोपेनंतर फोटो चढायचे. मग शेकडो फोन एकदम टुण्‌ करून वाजायचे आणि शेकडो आया कामं टाकून एकदम वेबसाइट उघडायच्या. मंजिरीही त्यांच्यासारखीच अन्वीचे फोटो बघायची.

नीनाकडे वेब सर्व्हरला जोडायचं एक्स्टेंशन होतं. दारात आलेला माणूस कोण, त्याचं मूल कुठलं, हे ओळखून पुढे सांगायचं, एवढंच त्याचं काम. या रिलीजमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या नव्या आवृत्तीत, सर्व्हरही बदलणार होता. पूर्वीचा सर्व्हर येणाऱ्या प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवायचा. नवा सर्व्हर सगळ्यांना एकाच खोलीत घेतो आणि तिथे एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे धागे, राबत असतात. अशा खोलीत ज्याचं सामान त्याने आपल्याजवळ ठेवायचं असतं. सगळ्यांचा हात पोचेल असं काही मध्ये ठेवलं की संपलं.

नीनाचं कोड तपासायला मंजिरीकडे आलं. साफ लिहिलेलं, नीनासारखंच नीटनेटकं. आणि मधोमध एक स्टॅटिक व्हेरिएबल. ज्याची विनंती, म्हणजे पान उघडायची मागणी, चालू आहे त्याच्या मुलाचा नंबर नीनाने त्यात ठेवला होता. म्हणजे सगळ्या थ्रेडना मिळून एकच जागा. नर्सरीत सगळ्या बाळांना मिळून एकच बाटली ठेवावी आणि वरच्या नावाची चिठ्ठी तेवढी बदलत राहावी, तसं. एकेक आई आली तर काही बिघडत नाही. दोघी एकदम आल्या की कुणाचं दूध कुणाच्या पोटात जाईल याचा नेम नाही. नीनाने आपल्या लॅपटॉपवर एकटीनेच तपासलं असणार. तिथे दुसरं कोण येणार होतं?

मंजिरीने शेरा टाइप केला: हे थ्रेड-सेफ नाही, ज्या त्या विनंतीला आपली मेमरी वापरू दे. शेरा पाठवायचा तेवढा बाकी होता.

तेवढ्यात नर्सरीचा फोन आला. अन्वीला किंचित ताप होता, कुणीतरी येऊन न्या. तिने रवीला पाठवलं. फोन ठेवला आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. शेरा तसाच होता. ताप आलेलं मूल घेऊन सामान बांधायचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि जाईना. तिने शेरा पुसला. पुसताना एकेक अक्षर पुसलं, एकदम नाही.

न दिसणंही शक्य आहे, तिने स्वतःला सांगितलं. माणूस दमतं. बाळ रात्रभर झोपू देत नाही.

तिने 'ॲप्रूव्ह'वर क्लिक केलं. खाली लिहिलं, "मस्त काम, नीना."

रिलीज झाला आणि त्याच दुपारी नॉटिंगहॅमहून फोन आला. तिथल्या नर्सऱ्यांची एक साखळी त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती. फोटो चढल्यावर एका आईने आपल्या मुलीचं पान उघडलं तर समोर भलताच मुलगा. त्याच्या फोटोखाली त्याच्या आईचा पत्ता आणि ठळक अक्षरांत सूचना: वडिलांना ताबा देऊ नये, कोर्टाचा आदेश आहे. त्या बाईने घाबरून पान बंद करून पुन्हा उघडलं, तर तिचीच मुलगी. आणखी काही जणांनी असंच कळवलं. कुणाचं पान कुणाला दिसलं असेल हे सांगता येत नव्हतं.

मंजिरीला हे होणार हे माहीत होतं. पण तिच्या मनातल्या चित्रात चुकीचा फोटो होता, चुकीची डुलकी होती. असा पत्ता नव्हता.

वरदने रिलीज मागे घेतला आणि दोघींना बोलावलं. "कोड नीनाचा. रिव्ह्यू तुझा. तू नाही बघितला?"

उत्तर मंजिरीकडे तयार होतं. "लॉजिक मी पाहिलं. गर्दी सोडून लोड टेस्ट केलीय असं नीना म्हणाली होती."

नीनाने चमकून तिच्याकडे पाहिलं. ती असं काही म्हणाली नव्हती. पण कपाळाला आठ्या घालून ती आठवू लागली आणि शेवटी पडेल आवाजात म्हणाली, "म्हणाली असेन मी."

"फाइन," वरद म्हणाला. "उद्या फोटोच्या वेळेला क्लाएंट कॉलवर येणार. नीना, तोपर्यंत तू दुरुस्त कर. नाहीतर मी काय सांगू त्यांना? की आमची मुलगी चांगली आहे, फक्त तिला दुसऱ्याची मुलं आवडतात?"

आणि तो हसला. मंजिरीही हसली. लगेच थांबली, पण हसली होती खरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीना मंजिरीच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. "तू जवळ असली की मला धीर येते," म्हणाली. तिने खोटे शेकडो पालक एकदम सर्व्हरवर सोडणारा प्रोग्रॅम चालवला, तर चूक तिलाही दिसली. तिने सुरुवातीची एक तपासणी वर सरकवून पाहिली. मग कुणीही करेल तेच तिने केलं. कोण आलं, कुठला नंबर मिळाला, कुठला गेला, हे पायरीपायरीला कळावं म्हणून कोडमध्ये जागोजागी लॉग लिहिणाऱ्या ओळी घातल्या. प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

एकही चूक नाही.

पुन्हा चालवला. दुप्पट पालक सोडले. सगळी मुलं आपापल्या आयांकडे.

"अगं, गेली!" नीना खुर्चीतच उडाली. "मी मघाशी ती सुरुवातीची तपासणी वर सरकवली ना, त्यानेच गेली. बघून राहिली ना तू? गेली बापा!" आणि तिने मंजिरीला मिठी मारली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

मंजिरीने लॉगच्या भराभर सरकणाऱ्या ओळींकडे पाहिलं. एकामागून एक, शाळेच्या रांगेसारख्या शिस्तीत. काय झालंय ते तिला त्याच क्षणी कळलं. चूक जिथल्या तिथे होती. लॉगच तिला झाकत होता. एक वाक्य पुरलं असतं: लॉग बंद करून चालवून बघ.

"एकदा तू पण नजर टाक ना," नीना म्हणाली. "या वेळी नीट. मले आता माझाच भरवसा नाही."

मंजिरीने माउस हातात घेतला. कोड वरपासून खालपर्यंत फिरवलं. स्टॅटिक व्हेरिएबल आलं आणि गेलं.

"चांगलं दिसतंय," ती म्हणाली. "वरदला मेल करून टाक, झालं म्हणून."

"तू पण तपासल्याची खूण करशील खाली?"

"तूच कर गं. तुझं काम आहे, श्रेय तुलाच मिळू दे."

नीनाचे डोळे भरून आले.

मुलांची ओळख सांगणारे लॉग खऱ्या सर्व्हरवर ठेवायला बंदी होती. त्यामुळे कोड वर चढवताना नीनाने त्या ओळी नियमाप्रमाणे काढून टाकल्या. दुपारी नॉटिंगहॅमची बाई मोठ्या स्क्रीनवर आली. वरदने नीनाला पुढे बसवलं होतं. तपासणीसाठी बनवलेल्या खोट्या मुलांची पानं उघडायची होती, खऱ्या पालकांसाठी नवा सर्व्हर अजून बंद होता. पण गर्दी खऱ्याइतकीच सोडली होती.

पहिलं पान बरोबर आलं. दुसरंही. नीना हसून काहीतरी सांगू लागली आणि तिसऱ्या पानावर मुलगी असायला हवी तिथे मुलगा आला. चौथ्यावरही भलताच. नीना पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत राहिली. ती जितकं बटण दाबे तितकी मुलं बदलत.

"सकाळी चालत होतं," ती इंग्रजीत म्हणाली. "आय प्रॉमिस, सकाळी चालत होतं. मंजिरीने पाहिलंय. मंजिरी, सांग ना."

सगळे मंजिरीकडे वळले.

"मी शेजारी बसले होते," मंजिरी म्हणाली. "चाचणी तिने केली."

नॉटिंगहॅमच्या बाईने चष्मा काढला आणि वरदला विचारलं, तुमच्याकडे हे काम येणारं दुसरं कुणी आहे का?

"आहे ना," मंजिरी म्हणाली. "मला थोडा वेळ द्या."

वेळ फारसा लागला नाही. स्टॅटिक काढलं, ज्या त्या विनंतीला तिची आपली मेमरी दिली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, लॉगशिवाय, दुप्पट गर्दी सोडली. प्रत्येक मूल आपल्या आईकडे गेलं. ती बाई 'ब्रिलियंट' म्हणाली. नीना भिंतीशी उभी राहून मंजिरीची बोटं बघत होती.

खोली रिकामी झाल्यावर वरद मंजिरीपाशी रेंगाळला.

"खूप फास्ट केला तू," तो म्हणाला. "जसा काय आधीच माहीत होता."

मंजिरीने लॅपटॉप मिटला. आता हा विचारणार, आणि आता आपण सांगून टाकणार, असं तिला वाटलं. सांगून टाकावं असंही वाटलं.

"रिलॅक्स," वरद म्हणाला. "मी नाही विचारणार. मला असाच माणूस पाहिजे." आणि त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं.

नीनाच्या शेवटच्या मीटिंगला वरदने मंजिरीलाही बसवलं. ओळखीचा चेहरा असला की बरं असतं, म्हणाला. एचआरची हेलन टिश्यूचा खोका घेऊन आली होती. नीनाला तो लागला नाही. कागदांवर तिने एकेक सही केली, पेन खाली ठेवलं आणि मंजिरीकडे वळून मराठीत म्हणाली,

"एकच सांग. चुकलं काय होतं? लॉग चालू असले की बरोबर, बंद केले की चूक. मी किती वेळा करून पाहिलं, कळलंच नाही. आता मुलाखती द्यायच्या आहेत. कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. तिला खरंच शिकायचं होतं. आणि मंजिरीला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ, खरं काही बोलायची सोय झाली.

"लॉगची फाइल सगळ्यांना मिळून एकच असते ना," ती म्हणाली. "तिच्यात लिहायला लॉक लागतं. एक थ्रेड लिहितोय तोवर बाकीचे बाहेर थांबतात. तुझ्या लॉगच्या ओळींनी त्यांना आपोआप रांगेत उभं केलं. एकमेकांच्या पायात यायला ते सुटेच राहिले नाहीत. लॉग काढलेस आणि रांग मोडली. म्हणून लॉग घातल्यावर चूक दिसेनाशी झाली ना, तर खूश व्हायचं नाही. तिथेच ओळखायचं, की..."

ती थांबली. नीना तिच्याकडे टक लावून पाहत होती.

"तिथेच ओळखायचं," नीना सावकाश म्हणाली. "तू कधी ओळखलंस?"

"नंतर. फिक्स करताना."

"खोटं नको बोलू. तू तर पाठ केल्यासारखं सांगून राहिली. तू माझ्याजवळ बसली होती. मी तुला मिठी मारली, मंजिरी. आणि तू म्हणालीस, मेल करून टाक." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मायराने शाळेत निरोपाचं कार्ड बनवलं काल. तुझ्या पोरीला बोलता येत नाही ते बरं आहे. तिला तुला काही विचारता येत नाही."

हेलनने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "सॉरी," तिने हळूच विचारलं, "ती काय म्हणतेय?"

वरदने फोनमधून मान वर केली. त्याला कळलं होतं, निदान पुरेसं कळलं होतं. तो मंजिरीकडे पाहत राहिला.

"ती माझे आभार मानतेय," मंजिरी इंग्रजीत म्हणाली. "मी समजावून सांगितलं म्हणून."

"ओह, दॅट्स लव्हली," हेलन म्हणाली आणि तिने छातीवर हात ठेवला.

नीना बोलायला गेली. पण हेलनचं पुढचं वाक्य आधी आलं: नव्या नोकरीसाठी कामाचा रेफरन्स, म्हणजे शिफारस, लागेल, त्यात कुणाचं नाव घालायचं?

"मंजिरी देईल ना," वरद म्हणाला. "हिचा काम तिनेच सगळ्यात जवळून बघितलाय."

हेलनचं पेन कागदावर थांबलं. नवी कंपनी, नवा व्हिसा, मायराची शाळा, सगळं त्या रिकाम्या जागेवर येऊन उभं राहिलं. नीनाने ओठ आवळले. मंजिरी टेबलाकडे बघत होती, वर बघायचा धीर तिला झाला नाही.

"थँक यू, मंजिरी," नीना म्हणाली. हेलनला ऐकू जाईल अशा स्वच्छ इंग्रजीत.