चौथी रेघ

नारायणभाऊंचं मशीन आधी ऐकू येतं आणि भाऊ मागाहून दिसतात. चेतगंजच्या एका आतल्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड आहे. शरदातलं तिरपं ऊन दुपार कलली की दारातून आत येतं, आणि त्या उन्हात तो आवाज तंबोऱ्यासारखा एकाच सुरावर लागलेला असतो. गाड्यांचा रंग घासून उजळणारी मशिनं मी इतरत्रही ऐकली आहेत, ती किंचाळतात. भाऊंचं गुणगुणतं. सत्तरीकडे झुकलेला हा किडकिडीत माणूस, खांद्यावर गमछा, कपाळावर सकाळचं गंध, बॉनेटवर ओणवी झालेली पाठ. मला तर प्रथमदर्शनी वाटलं की इथे कुणाची तरी पूजा चालली आहे.

वाटण्यात फारसं चुकलं नव्हतं. भाऊंचे वडील अमृतराव गंगेच्या घाटावर पौरोहित्य करत, आणि सगळ्या भावंडांत गंध उगाळण्याचं काम भाऊंकडे असे. जोर लावला की चंदनाचं खोड झिजतं आणि गंध मात्र भरड उतरतं, हे ते सातव्या-आठव्या वर्षी शिकले. पुढे पूजा भावाकडे गेली, भाऊ गाड्यांकडे वळले. हात मात्र सहाणेवरचाच राहिला.

त्यांच्याकडे मी गेले ती गुन्हेगार म्हणून. आमची गाडी काळी, जुनी, बाबांची. दर दसऱ्याला बाबा तिच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत. कुंकू आईनं घरी केलेलं, पाण्यात कालवलेलं, बोट अनामिका, आणि बोट एकदाच बुडवायचं, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे चौथ्या रेघेपर्यंत कुंकू संपे आणि ती दोन बोटं तोकडी राही. आम्ही चिडवायचो, बाबा ढिम्म. वर्षानुवर्षं त्याच जागी काढून ते स्वस्तिक रंगात उतरलं होतं. गाडी धुतली तरी तिरप्या उजेडात तोकड्या रेघेसकट दिसायचं.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या वर्षी सण नव्हता. यंदा गाडी त्यांच्या वेळेसारखी लख्ख करायची, असं मी ठरवलं. कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या बाईला मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून सगळं येतं, असा माझा समज. मशीन भाड्यानं आणलं, भर उन्हात उभ्या गाडीवर पॉलिशचं कंपाउंड थापलं आणि दाबून फिरवलं. स्वस्तिकाला वळसा घालायचा होता. मशीन घसरलं. पुसून पाहते तो बॉनेटभर गोल गोल धुरकट वलयं, आणि बाबांचं स्वस्तिक नाहीसं. मी तिथेच मैदागिनच्या पार्किंगमध्ये, लोकांच्या देखत, रडले.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. बॉनेटला उलट्या हाताचा स्पर्श केला, मग माझ्या मशीनचा फोमचा पॅड हातात घेऊन नखानं खरवडला. वाळलेलं कंपाउंड कोंड्यासारखं गळलं.

“पॅड एकदा तरी साफ केला होता का, ताई?”

“नाही.”

“अन् बोनट गरम होतं. मसाला वाळला, तुम्ही वरून दाबत राहिलात.” ते हसले. “इतकी जल्दी कशाची होती?”

मी म्हटलं, “भाऊ, चमक राहू द्या. बाबांचं स्वस्तिक गेलं का, तेवढं सांगा.”

त्यांनी गाडी सावलीत निवू दिली. मागे डिकीच्या कोपऱ्यावर, जिथे कुणी पाहत नाही, तिथे वीतभर जागेवर आधी करून पाहिलं. एक पॅड बाजूला ठेवला, दुसरा मऊ पॅड लावला, पुन्हा पाहिलं. मग ते बॉनेटकडे आले, आणि मशीन गुणगुणू लागलं. खांदा हलत नव्हता; मनगट तेवढं नदीवरच्या नावेसारखं सरकत होतं. प्रत्येक फेरीनंतर ते थांबत, ब्रशनं पॅड झाडत, फडकं फिरवत आणि दिवा आडवा धरून रंगाकडे असे पाहत की मीही श्वास धरून राही. वलयं एकेक करून विरत गेली. काळा रंग पहाटेच्या गंगेसारखा खोल होत गेला. मी आजवर विद्वान पुष्कळ पाहिले, पण इतकं लक्ष देणारा माणूस पाहिला नव्हता.

आणि चौथ्या की पाचव्या फेरीनंतर, आडव्या उजेडात, ते वर आलं. एक रेघ, दुसरी, तिसरी. मग ती तोकडी.

“गेलं नव्हतं,” भाऊ म्हणाले. “तुमच्या वलयांखाली झाकलं होतं. घरच्या कुंकवात हळदीला चुना देतात ना, त्या चुन्यानं रंग खाल्लाय. खोल आहे.”

एवढं बोलून त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. बॉनेट अजून आरशासारखं झालं नव्हतं. आणखी दोन हातांत झालं असतं, आणि त्या दोन हातांत स्वस्तिकही कायमचं गेलं असतं. आयुष्यभर डाग काढत आलेल्या माणसाला तो डाग खुणावत असणार. त्यांनी गमछ्यानं हात पुसले आणि स्वस्तिकाला नमस्कार केला. मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर ते चक्क लाजले.

“यंदा कोरडं कुंकू वाहा,” ते म्हणाले, “अन् सांजेला पुसून टाका.”

दसऱ्याला मी अनामिका कोरड्या कुंकवात एकदाच टेकवली. बाबांच्या रेघांवरून बोट आपोआप चाललं. चौथी जिथे संपत होती, तिथे माझ्या बोटावर कुंकू अजून होतं. मी बोट उचललं. पुढे दोन बोटं मोकळा काळा रंग होता, आणि त्यात एक पुसट चेहरा ओणवा झाला होता. चेहरा माझा होता, पण ते ओणवं होणं बाबांचं होतं.