दादाने लावलेली धार

दादाचं माझ्यावर फार प्रेम. ते उतू जातं आणि भाजतं मात्र मला.

आमचं पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप. बाबांनी चारचौघांत सांगितलं होतं, की लिफ्टच्या बटणांच्या पट्टीचा नमुना आम्ही दोघांनी एकेक करायचा. गिऱ्हाईक ज्याचा पसंत करेल, वर्कशॉप त्याने चालवायचं. दादा लगेच बाबांच्या खुर्चीत बसून बघू लागला.

पातळ पत्र्याचं आणि टोकदार ड्रिलचं हाडवैर. टोक आरपार जातं तेव्हा ड्रिलच्या कडा पत्र्याला पुरत्या लागलेल्याही नसतात. मग ड्रिल हेलकावतं आणि भोक तिकोनी पडतं. दादा त्याला गोलच म्हणतो. मोठा भाऊ आहे, म्हणू शकतो. मी माझी ड्रिलं घासून जवळजवळ सपाट करते. मधे इवलीशी टोचणी ठेवते आणि कडेला दोन धारदार कोपरे. टोचणी जागा सोडत नाही, कोपरे गोल कापतात आणि खाली चकती पडते.

नमुन्याच्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं, आणि माझ्या डब्यातल्या एकूण एक ड्रिलला भाल्यासारखं टोक!

"तुझी सगळी बोथट झाली होती," दादा कौतुकाची वाट बघत म्हणाला. "म्हटलं, बहिणीचं काम अडायला नको. धार लावून ठेवली."

त्याच्या मनात कपट नव्हतं, हेच तर दुखणं. कपटी माणसाशी निदान भांडता येतं.

मी ग्राइंडरवर बसले, सगळ्यांसमोर एक ड्रिल पुन्हा घासलं आणि पट्टी पुरी केली. गिऱ्हाइकाने दादाच्या पट्टीतल्या भोकात बटण घालून पाहिलं. ते एका कोपऱ्यावर अडून बसलं. माझ्या पट्टीत सगळी बटणं मुकाट्याने बसली. त्याने माझी पट्टी उचलली. मला इतका आनंद झाला, की हात पुसायचंही सुचेना.

बाबांचे डोळे भरून आले. "वर्कशॉप दादाच बघेल," ते म्हणाले. "तुला खुर्चीत बसवलं तर अशी ड्रिलं घासणार कोण?"

दादाने माझी पाठ थोपटली. गिऱ्हाईक जाताना माझा फोन नंबर मागत होतं. बाबांनी दादाचा दिला.