उष्टी नळी

मी बोलते फार. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर आमच्या गुर्ये गावातून कुणी येऊन माझी कागाळी करायला नको. इथल्या बसस्टँडच्या दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथे मी एकवीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी सक्शनची नळी धरून उभी आहे. पेशंटच्या तोंडात थुंकी आणि पाणी साचू द्यायचं नाही, हे माझं काम. तोंड त्यांचं उघडं आणि बडबड माझी. आमचे डॉक्टर, आडनाव बे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ते म्हणतात, "मिरानताई, तुम्ही असलात की भुलीचं इंजेक्शन अर्धंच लागतं."

माझी बोलती बंद केली ती एका काचेच्या बशीने. इम्प्लांटचा स्क्रू बसवताना जबड्यात भोक पाडतात, तेव्हा हाडाचा भुगा निघतो. तो आम्ही नळीतल्या बारीक गाळणीत धरायचो आणि जबडा जिथे पातळ असेल तिथे लिंपायचो. ज्याचं हाड त्यालाच, यापेक्षा चांगलं काय असणार? पण डॉक्टरांना नसत्या चौकशा फार. त्यांनी एकदा त्यातलाच चिमूटभर भुगा ग्वांगजू शहरातल्या कॉलेजातल्या मित्राकडे पाठवला. तीन दिवसांनी मित्र चिकटपट्टीने बंद केलेली बशी घेऊन आला. आत पांढरे, पिवळे, करडे ठिपके, एकावर एक चढलेले. मोजायला गेले तर डोळे फिरले.

"ही कसली बुरशी?" मी विचारलं.

"बुरशी नाही, जंतू. सोमवारी आपण लिंपलेल्या हाडातले."

"काहीतरीच काय! सगळी हत्यारं मी स्वतः वाफेतून काढते."

"हत्यारांचं काही नाही हो. तुमची नळी थुंकी ओढते आणि तीच नळी हाडही ओढते."

अग बाई! एकवीस वर्षं! डोळ्यांना न दिसणारं एवढं मोठं गाव माझ्या हातातल्या नळीतून जात होतं आणि मी आपली महागाईवर बोलत होते.

त्या दिवसापासून नळ्या दोन झाल्या. डावी फक्त थुंकीला, उजवी फक्त हाडाला. आधी पेशंटने पूर्ण एक मिनिट औषधी पाण्याच्या गुळण्या करायच्या. मी कुरकुरले, "मला दोनच हात आहेत, डॉक्टर."

"दोन्ही वापरा. तोंड तेवढं मोकळं राहील, ते बंद ठेवा."

मे महिन्यात प्यो हेंगजा आजी आल्या. वय एकाहत्तर, पाठ ताठ, अंगाला सोयाबीनचा खारट वास. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या अंगणात सोया सॉसचे साठ रांजण आहेत. दोन मठ आणि सगळ्या तालुक्यातल्या खाणावळी त्यांच्याकडून सॉस नेतात. त्यातला एक रांजण त्यांच्या सासूचा. दरवर्षी त्यातलं थोडं विरजणासारखं नव्या रांजणांत घालायचं आणि जुना रांजण नव्यातल्या सगळ्यात चांगल्या सॉसने परत भरायचा. कुठला चांगला, ते जीभ आणि टाळू सांगतात.

"आणि माझा टाळू ह्या मेल्या कवळीखाली गाडलाय," आजी म्हणाल्या. त्यांनी वरची कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. "दोन वर्षं झाली. मीठ कळतं, पण मिठाच्या खालचं कळत नाही. अंदाजाने कशी भरू? दोन वर्षं मी सासूच्या रांजणाला हात लावला नाही. आटत चाललाय तो."

शहरातल्या कुठल्याशा दवाखान्यात त्यांनी आधी हाड भरून घेतलं होतं. ते पिकलं आणि खरवडून काढावं लागलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यावर धरला आणि बराच वेळ पाहिला. "सहा स्क्रू बसतील, आजी. वर पक्के दात लावू, टाळू मोकळा राहील. पण डावीकडे हाड कागदाएवढं उरलंय. तिथे तुमचंच हाड लिंपावं लागेल. ह्यावेळी सडलं तर पुढे लिंपायलाही काही राहणार नाही. मग जन्मभर कवळी."

आजींनी ते ऐकून घेतलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. "अगं ए, त्या दोन नळ्या कशाला?"

मी सांगितलं. मला विचारलं की मी सगळंच सांगते. बशी, ठिपके, थुंकी, हाड, सगळं.

"म्हणजे आतापर्यंत उष्टी पळी रांजणात घालत होतात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर कान खाजवत खिडकीबाहेर बघायला लागले.

"माझ्या दिराने एकदा चाटलेला चमचा मिरचीच्या चटणीच्या रांजणात बुडवला," आजी म्हणाल्या. "चार वर्षांचा रांजण. मी ओतून दिला. नवरा महिनाभर बोलला नाही माझ्याशी. फार सुखाचा महिना गेला. आम्ही सॉस घालतो ना, तेव्हा तोंडाला कागद बांधतो. शिंतोडा नको आणि बडबडही नको. तुला तर दोन कागद लागतील."

जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. आजींच्या चेहऱ्यावर हिरवं कापड, फक्त तोंड उघडं. भूल जबड्यापुरती, म्हणजे कान जागे. माझ्या डाव्या हातात थुंकीची नळी, उजव्यात हाडाची. चार भोकं झाली आणि गाळणीत अर्धा चमचा हाड जमलं, गुलाबी आणि ओलसर, भिजवलेल्या रव्यासारखं. डॉक्टर खुशीत होते.

पाचव्या भोकाला आजींना ठसका लागला. डावी नळी गालाला चिकटली, तोंड थुंकीने भरलं, आणि एकवीस वर्षांच्या सवयीने माझा उजवा हात खाली गेला. सुर्रर्र.

क्षणभरच. डॉक्टर ड्रिलची सुई बदलत होते, त्यांनी पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा मला गप्प बसणं सोपं गेलं. एक श्वास, दोन श्वास. मग ती बशी डोळ्यांपुढे आली.

"डॉक्टर, उजवी नळी उष्टी झाली."

त्यांचा हात थांबला. "किती?"

"एक घोट."

ते गाळणीकडे बघत राहिले. "सलाइनने धुऊन घेऊ. ताई, आहे ते एवढंच आहे. राहिलेल्या दोन भोकांतून असं किती निघणार?"

कापडाखालून आजींचा हात वर आला. तोंड आ वासलेलं, बोलता येईना. त्यांनी बोटं झटकली, पीठ झटकतात तशी.

"आजी, हे तुमचं हाड आहे," डॉक्टर वाकून म्हणाले. "टाकलं तर कदाचित पुरणार नाही. कळतंय ना?"

हात पुन्हा झटकला गेला, ह्यावेळी जोरात. माझ्या पदराला पाणी उडालं असतं इतक्या जोरात, पदर असता तर.

मी टाकलं. ज्या हाडावर त्या बाईचा सगळा जीव टांगलेला, ते माझ्या चुकीमुळे मी माझ्याच हाताने कचऱ्यात टाकलं. नवी गाळणी, नवी नळी, नवे हातमोजे. दोन भोकं पाडली, मग डॉक्टरांनी मागच्या दाढेमागचं हाड छोट्या पात्याने खरवडलं. चाळीस मिनिटं मी एक शब्द काढला नाही. जमलं ते चमच्याचा तळ जेमतेम झाकेल एवढं. डॉक्टरांनी ते कणाकणाने लावलं, वर पातळ पडदा घातला, टाके घेतले. चार कण तपासायला कॉलेजात गेले.

ह्यावेळी बशी बघायला मी स्वतः ग्वांगजूला गेले, रजा टाकून. बशीत तीन ठिपके होते.

"तीनच?" मी तीनदा विचारलं. मग वाईट वाटलं. "पण एकही नको होता ना हो?"

"तोंड आहे ते, ताई," डॉक्टरांचा मित्र म्हणाला. "एवढ्यांना आजींचं शरीर बघून घेईल."

आजींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "तीन पाहुणे होय? येऊ देत. जेवतील आणि जातील."

डिसेंबरात नवा फोटो काढला. जिथे कागद होता तिथे पांढरी भिंत उभी होती. मी डोळे फाडून बघत राहिले. चमच्याच्या तळाशी होतं ते, मी पाहिलं होतं, मी धरलं होतं! एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवलेले ते कण, त्यांना कुणी सांगितलं इथे रुजा म्हणून? डॉक्टर शिकलेले, त्यांना कारण ठाऊक असेल. पण तेही चष्मा पुसत होते. जानेवारीत पक्के दात बसले आणि आजींचा टाळू मोकळा झाला.

फेब्रुवारीत पंचांगातल्या घोड्याच्या दिवशी, म्हणजे सॉस घालायच्या शुभदिवशी, आजींनी मला बोलावलं. अंगणात बर्फ, रांजणांच्या झाकणांवर बर्फ. त्यांनी आधी माझ्या तोंडावर कागद बांधला, एकच, पण घट्ट. मग सासूच्या रांजणाचं झाकण उघडलं. सॉस अर्ध्याच्या खाली गेला होता, काळा, हलत नव्हता. आजींनी पळीने थोडा बशीत ओतला, पळी बाजूला ठेवली, स्वतःचा कागद खाली केला आणि बशी तोंडाला लावली. डोळे मिटले.

"आहे," त्या म्हणाल्या. "म्हातारी आहे अजून ह्यात."

मग बाकीचे रांजण त्यांनी एकेक करून चाखले. सतराव्याला थांबल्या. कागद पुन्हा वर बांधला, दुसरी कोरडी पळी घेतली आणि माझ्या हातात दिली. कागदाआडून म्हणाल्या, "हा म्हातारीच्या रांजणात घालायचा. तू भर. उष्टं झालं की तू सांगतेस."

माझ्या तोंडाला कागद होता, म्हणून मी काही बोलले नाही. पळी धरली आणि डोळे असे वाहायला लागले की कागद हनुवटीपर्यंत भिजला.

"अगं, बाजूला हो आधी!" आजी ओरडल्या आणि माझा दंड धरून मला रांजणापासून मागे ओढलं. "डोळ्यांतलं पडेल त्यात! जा, नवा कागद बांधून ये."

मी गेले, नवा कागद बांधला आणि परत येऊन रांजण भरला.